अंतःकरणाचे रक्षण : इच्छा आणि पाप यांमधील सीमारेषेचा वाद

कामेच्छेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे, या येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील वचनावर ख्रिस्ती परंपरेत फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो त्याच्या आधीच्या क्षणाविषयी : इच्छा मनात उठली आहे, पण मनाने तिला अजून होकार दिलेला नाही, तर ती पाप की केवळ परीक्षा?

चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी आठ कुविचारांची यादी केली आणि तीत खादाडपणाच्या पाठोपाठ कामवासनेला स्थान दिले. त्याच सुमारास उत्तर आफ्रिकेत सूचना, सुख आणि संमती अशा तीन पायऱ्या सांगितल्या गेल्या. एदेन बागेतील सर्प, हव्वा आणि आदाम यांच्याशी त्यांचे साम्य दाखवले गेले. पहारा नेमका कोणत्या पायरीवर हवा, हा प्रश्न तिथूनच पुढे आला.

गुंता मुळात शब्दाचा आहे. ग्रीक ‘एपिथुमिया’ म्हणजे उत्कट इच्छा. मराठी शास्त्रपाठात तिच्यासाठी कुठे लोभ, तर कुठे वासना असे शब्द येतात. मात्र वल्हांडणाचे भोजन शिष्यांसोबत करावे ही प्रभूची स्वतःची इच्छा सांगतानाही लूकने हाच शब्द योजला आहे. म्हणजे शब्द स्वतः दोषी नाही. लॅटिनमध्ये त्याचा ‘कॉन्क्युपिसेन्शिया’ झाला आणि पतित मनुष्यस्वभावातील विकृत ओढ हा अर्थ त्याला घट्ट चिकटला.

ही ओढ बाप्तिस्म्यानंतरही उरते, हे सोळाव्या शतकात रोमन कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट सुधारक या दोन्ही पक्षांना मान्य होते. ल्युथरपंथी सुधारकांच्या 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाने जन्मजात ओढीलाच खरे पाप म्हटले. 17 जून 1546 रोजी कॅथोलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने याच्या उलट निर्णय दिला : ती पापातून उपजते आणि पापाकडे झुकवते, म्हणून प्रेषिताने तिला कधी पाप म्हटले असले तरी बाप्तिस्म्याने पुनर्जन्म पावलेल्यांमध्ये ती खऱ्या अर्थाने पाप नव्हे; ती झुंजण्यासाठी मागे ठेवलेली आहे आणि तिला संमती न देणाऱ्याचे ती काही बिघडवू शकत नाही. भयाने पोखरलेल्या विवेकाला या निर्णयाने मोठा आधार दिला, हे मान्यच करावे लागेल. तरीही ‘लोभ धरू नको’ या आज्ञेने आपल्या आतले पाप उघडे पाडले, असे रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो, ते वाचताना सुधारकांचे म्हणणे मूळ पाठाच्या अधिक जवळचे वाटते. प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने तर त्या ओढीच्या प्रत्येक हालचालीलाही पापच ठरवले.

विसाव्या शतकात भर बाह्य कुंपणावर आला. 1948 साली कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे काही सुवार्तिकांनी परस्त्रीसोबत एकट्याने प्रवास वा भोजन न करण्याचे ठरवले. जुलै 1994 मध्ये वॉशिंग्टनच्या हिरवळीवर दोन लाखांहून अधिक प्रतिज्ञापत्रे रोवली गेली. प्रत्येकावर विवाहापर्यंत शुद्ध राहण्याचे वचन आणि एका तरुण हाताची सही होती. पुढे मोबाइलवरील फिल्टर आले आणि काय पाहिले याचा अहवाल विश्वासू मित्राला पाठवणारी ॲप आली. या उपायांचा उपयोग आहेच, पण त्यांचा पहारा डोळ्यांपाशी असतो आणि जुना वाद त्याच्या आतल्या दाराचा होता. अलीकडे प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत, केवळ आकर्षण जाणवले तरी पश्चात्ताप हवा का, यावर चर्चा पेटली, तेव्हा 1546 आणि 1646 ची तीच वाक्ये पुन्हा टेबलावर आली.