‘महा’ कधी लागला? क्षत्रपांच्या पदवीचा माग

‘क्षत्रप’ शब्दाचा विग्रह संस्कृतच्या कुठल्याही विद्यार्थ्याला चटकन जमेल. क्षत्र म्हणजे सत्ता, राज्य. ‘प’ म्हणजे पाळणारा, जसा भूप, नृप, गोप. अर्थही अचूक निघतो. तरीही हा शब्द मूळचा इथला नाही. त्याचा उगम जुन्या इराणी ‘ख्शथ्र-पावन्’ या शब्दात आहे. इ.स.पू. 520च्या सुमाराच्या, इराणमधल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात इराणचा सम्राट दार्‍या (डरायस) याने बाख्त्री आणि अराखोशिया (आजच्या अफगाणिस्तानाच्या परिसरातले प्रांत) इथल्या आपल्या प्रांताधिकाऱ्यांना हीच पदवी लावली आहे. इराणी आणि संस्कृत या सख्ख्या बहिणी. ‘ख्शथ्र’ आणि ‘क्षत्र’ एकाच मुळाचे, ‘पा’ धातूही दोघींकडे आहे. म्हणून हा शब्द इकडे आला तो परका वाटलाच नाही.

इराणमध्ये क्षत्रप हा सम्राटाचा सुभेदार होता. भारतात, मध्य आशियातून आलेल्या शकांच्या काळात ही पदवी दोन पायऱ्यांची झाली: वर महाक्षत्रप, खाली क्षत्रप. मथुरेच्या सिंहस्तंभशीर्षावर राजुवुल महाक्षत्रप आहे आणि त्याचा मुलगा शोडास क्षत्रप. पुढच्या एका लेखात शोडासच महाक्षत्रप झालेला दिसतो. सारनाथला कनिष्काच्या तिसऱ्या वर्षाच्या लेखात महाक्षत्रप खरपल्लान आणि क्षत्रप वनस्पर असे दोघे आहेत. तिथे ते कुषाणांचे अधिकारी आहेत. पश्चिम भारतात मात्र या पदवीच्या आधी ‘राजा’ शब्द लागला आणि ती खरोखरची राजपदवी झाली.

महाराष्ट्रात याचा पुरावा दगडावर आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदात आपल्या सासऱ्याचा उल्लेख ‘राज्ञो क्षहरातस क्षत्रपस नहपानस’ असा करतो, म्हणजे क्षहरात घराण्याचा राजा, क्षत्रप नहपान. तिथल्या लेखांत वर्षे येतात 41, 42 आणि 45. जुन्नरला नहपानाचा अमात्य अयम याचा लेख वर्ष 46चा, आणि त्यात नहपान ‘महाखतप’ आहे. म्हणजे पदवी वाढली ती याच एकदोन वर्षांत. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर मात्र क्षत्रप शब्दच नाही, फक्त ‘राजा क्षहरात नहपान’. केवळ नाणी हाती असती, तर ही बढती आपल्याला कळलीच नसती.

नहपानाचे घराणे गौतमीपुत्र सातकर्णीने संपवले. मग चष्टन या दुसऱ्या क्षत्रपाचे घराणे पुढे आले. त्याचा नातू रुद्रदामन् जुनागढच्या खडकावर, वर्ष 72 म्हणजे इ.स. 150च्या सुमाराला, महाक्षत्रप हे नाव आपण ‘स्वतः मिळवले’ असे कोरून ठेवतो. सुभेदाराला पदवी वरून मिळते. ती स्वतः मिळवली असे म्हणणारा कुणाचा सुभेदार उरत नाही. माझ्या मते या पदवीच्या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा शब्द हाच.

या घराण्याची नाणी अभ्यासकाला फार मोलाची आहेत. सुमारे दोन ग्रॅमचे, नखाएवढे चांदीचे नाणे. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर, खाली पाण्याची नागमोडी रेघ आणि भोवती ब्राह्मी लेख. लेखात बाप आणि मुलगा दोघांची नावे, दोघांच्या पदव्यांसह: ‘राज्ञो महाक्षत्रपस रुद्रदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसीहस’. वाचताना आधी ‘पुत्रस’ शोधावे. त्याच्या आधीचे सगळे बापाचे, नंतरचे मुलाचे. ‘महा’ कोणत्या बाजूला आहे हे इथे चुकले, तर अख्खी वंशावळ चुकते.

शकाच्या शंभराव्या वर्षाच्या आसपासपासून चेहऱ्यामागे वर्षही येते. त्यात 78 मिळवले की इसवी सन. आपल्या पंचांगातला शके तोच. शालिवाहनाचे नाव त्याला खूप नंतर चिकटले. या आकड्यांत स्थानमूल्य नाही. शंभर, वीस, तीन अशी वेगवेगळी चिन्हे असतात आणि त्यांची बेरीज करायची. दोनशेसाठी शंभराच्याच चिन्हाला जादा रेघ. घोटाळा होतो तो छापाच्या ठशापेक्षा नाण्याची चकती लहान असल्यामुळे. एककाचे चिन्ह काठाबाहेर गेले की हाती फक्त दशक उरते.

एवढे सांभाळले की राजकारण वर्षागणिक दिसू लागते. पहिला रुद्रसिंह शके 103 ते 110 महाक्षत्रप आहे, मग 110 ते 112 नुसता क्षत्रप, आणि 113पासून पुन्हा महाक्षत्रप. मध्ये त्याला कुणी खाली ढकलले? काही अभ्यासक महाक्षत्रप ईश्वरदत्ताकडे बोट दाखवतात. त्याच्या नाण्यांवर शक वर्ष नाही, स्वतःच्या राज्याचे पहिले आणि दुसरे वर्ष आहे. दुसरे अभ्यासक त्याला सुमारे पन्नास वर्षे पुढे नेतात.

पुढे इ.स. 305च्या सुमारापासून चाळीसेक वर्षे एकाही नाण्यावर महाक्षत्रप नाही. सत्तेवर असलेला दुसरा रुद्रसिंहही क्षत्रपच, आणि त्याचा बाप जीवदामन् फक्त ‘स्वामी’. घराण्याची शाखा बदलली होती. इ.स. 348ला तिसरा रुद्रसेन महाक्षत्रप म्हणून येतो आणि आपल्या बापालाही तीच पदवी लावतो. त्या बापाचे, दुसऱ्या रुद्रदामन्‌चे, स्वतःचे एकही नाणे मिळालेले नाही. तो राजा होता हे आपल्याला मुलाच्या नाण्यांवरूनच कळते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा पाचव्याच्या सुरुवातीला गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने हे राज्य जिंकले. लोकांच्या हाताला सवय झालेले नाणे त्याने जवळजवळ तसेच चालू ठेवले: तीच चांदी, तसाच चेहरा, त्याच्या मागे वर्ष. डोंगराच्या जागी गरुड आला, आणि कडेला क्षत्रपऐवजी ‘परमभागवत महाराजाधिराज’.