पक्षाघातानंतर कॅरोटिड शस्त्रक्रियेची वेळ

मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी मानेत, जबड्याच्या कोनाखाली, दुभंगते. नेमकी तिथेच आतून चरबीचा थर साचून वाट अरुंद होते. थराचा कण किंवा त्यावर धरलेली गुठळी सुटून मेंदूत अडकली की पक्षाघात होतो. धमनी उभी चिरून हा थर सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियेला कॅरोटिड एंडार्टरेक्टॉमी म्हणतात. ती कधी करायची, याचे उत्तर मात्र मधल्या काळात पार उलटले.

पूर्वी झटक्यानंतर चार ते सहा आठवडे थांबत. इजा ताजी असताना रक्त पूर्ण दाबाने सोडले तर मेंदूत रक्तस्राव होईल, ही धास्ती. ती खोटी नव्हती. पण थांबण्यात किती जण पुन्हा आडवे होतात, याचा हिशेब लागायचा होता. १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतील चाचणीने शस्त्रक्रियेचा उपयोग सिद्ध केला: धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्यांपैकी केवळ औषधांवर ठेवलेल्या २६ टक्के रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. वेळेचा मुद्दा मेंदूविकारतज्ज्ञ पीटर रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये युरोप-अमेरिकेतील चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून दाखवला. पाच वर्षांत एक पक्षाघात टाळायला दोन आठवड्यांच्या आत पाच शस्त्रक्रिया पुरतात. बारा आठवडे उलटल्यावर १२५ लागतात. फुटलेला थर पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक घातक असतो, पुढे तो निवत जातो.

मग पहिल्याच दिवशी का नको? स्वीडनच्या नोंदींत (२०१२) पहिल्या दोन दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू वा पक्षाघाताचे प्रमाण ११.५ टक्के होते, तिसऱ्या ते सातव्या दिवशी ३.६ टक्के. जर्मनीच्या नोंदींत एवढी तफावत आढळली नाही. वाद चालू आहे. चौदा दिवसांची मर्यादा मात्र सर्वमान्य आहे. मेंदूचा मोठा भाग निकामी झालेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या रुग्णाला थांबवतात. धमनी पूर्ण बुजली असेल तर ही शस्त्रक्रिया सहसा करतच नाहीत.

हे चौदा दिवस मोठ्या झटक्यापासून नव्हे, पहिल्या लक्षणापासून मोजतात. हातातला कप निसटतो, अर्ध्या तासाने हात पूर्ववत होतो आणि घरचे ‘अशक्तपणा असेल’ म्हणतात. कधी एका डोळ्यावर पडदा उतरतो आणि काही मिनिटांत सरकतो. रुग्ण चष्म्याचा नंबर तपासायला जातो. ते दिवसही त्या चौदांतूनच जातात.