संशोधनासाठी भौगोलिक डेटा आणि डिजिटल नकाशे

पृथ्वीवरच्या निश्चित जागेशी जोडलेली माहिती संशोधनासाठी शोधणे, ती हाती घेतलेल्या प्रश्नाला पुरते का हे तपासणे आणि दुसऱ्या अभ्यासकालाही तीच माहिती मिळवता येईल अशा रीतीने तिची नोंद ठेवणे, ही कामे या विषयात येतात. ती आता केवळ भूगोलाच्या अभ्यासकांची राहिलेली नाहीत. साथरोग, जैवविविधता, पुरातत्त्व, भाषांचा प्रसार, निवडणुकांचे निकाल अशा कोणत्याही विषयात ‘कुठे’ हा प्रश्न आला की अशा डेटाची गरज पडते.

पडद्यावर दिसणारा नकाशा बहुतेक वेळा तयार चित्र असतो. त्यावर नदी दिसते, पण तिच्या काठापासून पाच किलोमीटरांच्या आत किती वस्त्या आहेत हे त्या चित्राला विचारता येत नाही. त्यासाठी चित्रामागचा डेटा लागतो. तो मुख्यतः दोन रूपांत मिळतो. बिंदू, रेषा आणि बहुभुजांनी बनलेला तो व्हेक्टर डेटा. जमिनीची चौकोनी घरे पाडून प्रत्येक घराला एक मूल्य दिले की झाला रास्टर डेटा. इंटरनेटवरून नकाशे पुरवण्याच्या सेवांतही हाच फरक असतो. एखादी संस्था आपले नकाशे ‘डब्ल्यूएमएस’ सेवेतून देत असेल, तर हाती चित्र येते. ‘डब्ल्यूएफएस’ असेल तर खुद्द रेषा-बहुभुज त्यांच्या गुणधर्मांसह मिळतात.

डेटा कुठे मिळेल हा प्रश्न दुसरा. कोणत्या प्रमाणाचा आणि कोणत्या काळाचा हवा, हे त्याआधी ठरवावे लागते, आणि बहुतेक फसगत इथेच होते. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर २५ मीटर व्यापते. ‘नॅचरल अर्थ’ हा सार्वजनिक मालकीचा, जगभर वापरला जाणारा संच १:१ कोटी, १:५ कोटी आणि १:११ कोटी या प्रमाणांत मिळतो. त्यातल्या सर्वांत तपशीलवार संचातही तीच अर्धा मिलिमीटरची रेघ ५ किलोमीटरांची होते. जगाच्या नकाशाला हा संच उत्तम. पण एखादी वस्ती समुद्रकिनाऱ्यापासून किती अंतरावर आहे हे त्यावरून मोजणे व्यर्थ. संगणकावर नकाशा हवा तेवढा मोठा करता येतो, पण त्याने त्याची अचूकता वाढत नाही.

उपग्रह प्रतिमांच्या बाबतीत संशोधकांचे भाग्य मोठे आहे. पृथ्वीची छायाचित्रे टिपणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला गेला, आणि १९८२ पासूनच्या लँडसॅट प्रतिमांच्या बहुतेक पट्ट्यांचे (म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींत टिपलेल्या थरांचे) विभेदन, म्हणजे प्रतिमेतल्या एका घराची जमिनीवरची बाजू, ३० मीटर आहे. २००८ मध्ये हा संग्रह विनामूल्य करण्याचा निर्णय अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने घेतला आणि जंगलतोड, शहरांची वाढ, हिमनद्यांची माघार यांवरच्या संशोधनाचे चित्रच पालटले. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातला सेंटिनेल-२ दृश्य पट्ट्यांत १० मीटर विभेदनाच्या प्रतिमा देतो. दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावरची तीच जागा दर पाच दिवसांनी टिपतात. मात्र ढगांचा विचार आधी करावा. पावसाळी हंगामात महिनोन्‌महिने एकही स्वच्छ प्रतिमा न मिळणे हे नेहमीचेच आहे.

उंचीच्या डेटासाठी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून झालेली एसआरटीएम मोहीम आजही आधाराला घेतली जाते. तिने ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातली जमीन रडारने मोजली. घनदाट जंगलात रडारच्या लहरी जमिनीपर्यंत पूर्ण पोचत नाहीत, त्यामुळे तिथली उंची खऱ्या जमिनीपेक्षा जास्त भरते. पुराचा अभ्यास करणाऱ्याने हे विसरून चालत नाही.

रस्ते, इमारती, दवाखाने यांसाठी २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी उभा केलेला नकाशा अमूल्य आहे. पण नकाशावर दवाखाना नाही याचा अर्थ जमिनीवर नाही असा होत नाही. कदाचित तिथे नोंद करणारा कोणी पोचलेला नसेल. सजीवांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या जीबीआयएफ या जाळ्यातही हाच धोका आहे. निरीक्षक रस्त्यांच्या आणि शहरांच्या आसपास जास्त फिरतात. शिवाय जुन्या संग्रहालयीन नमुन्यावर फक्त देशाचे नाव असले, तर काही वेळा त्या देशाचा मध्यबिंदूच स्थान म्हणून नोंदवला जातो.

प्रशासकीय सीमांचा डेटा सर्वांत साधा वाटतो आणि सर्वांत जास्त छळतो. जिल्हे फुटतात, नावे बदलतात, वादग्रस्त सीमा प्रत्येक संस्था आपापल्या भूमिकेप्रमाणे काढते. जनगणनेची आकडेवारी सीमांशी जोडायची असेल, तर त्याच वर्षाच्या सीमा शोधाव्यात आणि जोडणी नावावरून न करता अधिकृत संकेतांकावरून करावी. नावाचे स्पेलिंग दोन तक्त्यांत क्वचितच जुळते. शिवाय तीच आकडेवारी जिल्हावार आणि तालुकावार मांडली, तर सहसंबंध वेगवेगळे निघू शकतात. ही अडचण १९३० च्या दशकापासून संशोधकांना माहीत आहे.

उतरवलेला डेटा उघडताना पुढची परीक्षा असते. अजूनही बराच डेटा शेपफाइल स्वरूपात येतो, आणि ती एकच फाइल नसून फायलींचा जुडगा असतो : ‘एसएचपी’मध्ये आकार, ‘डीबीएफ’मध्ये तक्ता, ‘एसएचएक्स’मध्ये अनुक्रम, ‘पीआरजे’मध्ये निर्देशांक प्रणाली. शेवटची गहाळ असली, तर नकाशा उघडतो पण भलत्याच जागी बसतो. तक्त्यातल्या स्तंभांची नावे दहा अक्षरांपाशी तुटतात, आणि अक्षरसंकेत (अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत) कळला नाही तर देवनागरीतल्या गावांच्या नावांची प्रश्नचिन्हे होतात. जिओपॅकेज या नव्या स्वरूपात यातल्या बहुतेक अडचणी नाहीत. निवड असेल तर तेच घ्यावे. जिओजेसन या आणखी एका स्वरूपात आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात. बोलण्यातला क्रम उलटा असल्याने अदलाबदल होते आणि शहरातले बिंदू समुद्रात जाऊन पडतात.

क्षेत्रफळ मोजण्याआधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत, पाहणे अनिवार्य. वेबवरचे बहुतेक नकाशे वापरतात त्या मर्केटर प्रक्षेपणात ६० अक्षांशावरचे क्षेत्र विषुववृत्तावरच्या तेवढ्याच क्षेत्राच्या चौपट दिसते. क्षेत्रफळांच्या तुलनेसाठी क्षेत्रांचे प्रमाण कायम राखणारे समक्षेत्र प्रक्षेपण घ्यावे लागते.

जुने कागदी नकाशे हा वेगळाच खजिना आहे. अमेरिकेचे काँग्रेस ग्रंथालय आणि डेव्हिड रम्सी संग्रह यांनी हजारो नकाशे स्कॅन करून खुले केले आहेत. स्कॅनवरचे चौक, पूल, देवळे असे न हललेले बिंदू आजच्या निर्देशांकांशी जुळवून तो नकाशा जागेवर बसवतात. हे काम क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीत करता येते. ज्या विद्यापीठात नकाशा-ग्रंथपाल आहेत तिथे त्यांना आधी भेटावे. शोधयंत्राला न सापडणारे संच त्यांना ठाऊक असतात.

विनामूल्य मिळालेला डेटा सर्व अटींतून मुक्त असतोच असे नाही. जीएडीएम या जगभरच्या प्रशासकीय सीमांच्या संचातल्या सीमा शैक्षणिक कामाला चालतात, पण पुढे वाटता येत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपला श्रेय द्यावे लागते, आणि त्यातून घडवलेला डेटासंच प्रसिद्ध केला तर तो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. संदर्भ देताना आवृत्ती आणि उतरवल्याची तारीख दोन्ही लिहावीत, कारण ओपनस्ट्रीटमॅप दर मिनिटाला बदलत असतो. जीबीआयएफ प्रत्येक उतरवलेल्या संचाला स्वतंत्र डीओआय क्रमांक (डिजिटल दस्तऐवजाची कायमची ओळख) देते. तो शोधनिबंधात दिला की नेमका तोच संच पुन्हा मिळतो. जिथे अशी सोय नाही तिथे उतरवलेली मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवावी आणि सगळी प्रक्रिया तिच्या प्रतीवर करावी.