नारळी पौर्णिमा (मुंबईचे कोळीवाडे)

श्रावणातल्या पौर्णिमेला समुद्राची पूजा करून त्याला नारळ वाहण्याचा सण. कोकणपट्टीत तो सगळीकडे होतो. मुंबईत वरळी, माहीम, खारदांडा, वेसावे, मढ, कुलाबा, ट्रॉम्बे अशा कोळीवाड्यांत त्याचा थाट असतो.

पोथीप्रमाणे ही पूजा वरुणाची. वरुण हा वैदिक जलदेव. मकर त्याचे वाहन, पाश हे आयुध आणि पश्चिम ही त्याची दिशा. मुंबईचा उघडा समुद्र पश्चिमेलाच आहे. कोळ्याच्या तोंडी मात्र वरुणाचे नाव क्वचितच येते. गाऱ्हाणे घातले जाते ते थेट दर्याला. वरळीत गोल्फादेवीचे देऊळ आहे, कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आई आहे. दर्याला ना देऊळ, ना मूर्ती. ज्याच्यावर पोट चालते आणि जो कधी माणूसच ठेवून घेतो, त्याला वर्षातून एकदा मान द्यायचा, असा हा साधा व्यवहार आहे.

सणाचे मूळ पावसाळ्यात आहे. जूनपासून नैऋत्येचा वारा सुटतो, समुद्र खवळतो आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. पुढचे दोन महिने जाळी तुणणे, डागडुजी, रंगकाम. श्रावण अर्धा सरला की वाऱ्याचा जोर उतरू लागतो. नारळ पडला की होडी पाण्यात, असा जुना शिरस्ता. शिडाच्या व्यापारी गलबतांचा हंगामही याच सुमारास उघडे. ब्रिटिश अमदानीत मुंबईचे इंग्रज या दिवसाला ‘कोकोनट डे’ म्हणत.

हा शिरस्ता सरकारनेही मानला होता. राज्यातली पावसाळी मासेमारी बंदी पूर्वी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल तिथवर असे. नंतर साऱ्या पश्चिम किनाऱ्याला एकच मुदत लागू झाली : १ जून ते ३१ जुलै. तिथीला हे बंधन ठाऊक नाही. २०२० साली पौर्णिमा ३ ऑगस्टला आली, म्हणजे मेळ बसला. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टवर गेली. अशा वर्षी पुष्कळ बोटी नारळाआधीच समुद्रात असतात. जुनी मंडळी याला नावे ठेवतात, पण डिझेलचे आणि खलाशांच्या पगाराचे हिशेब महिनाभर थांबत नाहीत. माशांच्या विणीसाठीच पूर्वजांनी हा सण नेमला, असे आता सर्रास सांगितले जाते. बंदीमागे तो हेतू आहेच. परंपरेमागे मात्र वादळाची धास्ती अधिक दिसते.

नारळ देवळात फोडतात, इथे तो अखंड, शेंडीसकट सोडतात. पूर्ण फळ, तीन डोळ्यांमुळे शिवाचे रूप, आणि बळीच्या जागी चालणारे. एवढे अर्थ त्याच्याशी जोडलेले आहेत. गावाच्या मानाच्या नारळाला सोनेरी कागदाचे वेष्टण असते. तोच हा ‘सोन्याचा नारळ’. पालखीतून, ब्रास बँडच्या तालावर तो बंदरावर येतो. बायका ठेवणीतले लुगडे नेसून, अंगभर सोने घालून, डोक्यात वेणी माळून पुढे. पुरुष सुरका (कमरेला त्रिकोणी बांधायचा रुमाल) आणि टोपी या वेषात. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लागते, हार पडतो, पताका चढतात. मिरवणूक बहुधा दुपारनंतर निघते. पौर्णिमेची मोठी भरती मुंबईत दुपारी बाराच्या सुमारास येऊन गेलेली असते, त्यामुळे ओसरत्या पाण्याबरोबर नारळ बाहेर सरकतो. चौपाटीवर पोरे पाण्यात शिरून तो परत आणतात, त्याचे कुणाला काही वाटत नाही. नारळफोडीही रंगते : एकाने नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर ठोका द्यायचा, ज्याचा फुटला तो हरला.

घरोघरी ओल्या खोबऱ्याच्या करंज्या आणि नारळीभात. तुपात लवंग टाकून तांदूळ परतायचा, मोकळा शिजवून निववायचा आणि मगच गूळ-खोबऱ्यात घालून वाफ आणायची. गूळ आधी पडला तर शीत टणक राहते, मग कितीही शिजवा. हा भात कोळीवाड्याबाहेर, दादर-गिरगावातल्या घरांतही होतो. तिथे याच दिवशी राखी बांधली जाते आणि काही घरांत श्रावणी म्हणजे जानवे बदलण्याचा विधी असतो. गोराई, मनोरी, वसई भागातल्या ख्रिस्ती कोळ्यांत होडीला धर्मगुरूंचा आशीर्वाद घेतात.

वरळीत गेल्या काही वर्षांत सणाच्या गप्पांत नवा विषय आला. क्लीव्हलँड बंदरातून बोटी बाहेर पडतात त्या वाटेवरच किनारी रस्त्याचा पूल आला. त्याच्या खांबांत ६० मीटरचे अंतर ठरले होते; लाटेत बोट तेवढ्यातून सुखरूप निघणार नाही, म्हणून कोळ्यांनी काम अडवून धरले. अखेर महापालिकेने ते १२० मीटर करण्याचे मान्य केले. कोळ्यांची मागणी याहून जास्त होती.