चुनखडीतले बुडबुडे : हवेच्या इतिहासात नाशिकचा काळा दगड

नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग लावण्याआधी मातीचे ढेकूळ घेऊन त्यावर सौम्य आम्लाचे दोन-चार थेंब टाकून पाहतात. फसफसले की चुनखडी आहे, हे समजते. मग पाने पिवळी पडतील का, लोह लागू होईल का, कलमासाठी खुंट कोणता धरायचा, अशी चर्चा रंगते. त्या फेसातून सुटणारा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो पावसाबरोबर आणि मुळांच्या श्वसनातून मातीत आला आणि काळ्या दगडातून सुटलेल्या कॅल्शियमने त्याला अडकवून ठेवले.

वातावरणाची सुरुवातीची कहाणी शाळेत होऊन गेलेली असते. ज्वालामुखींतून वाफ, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड आले. वाफेचे समुद्र झाले. सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांनी सोडलेला ऑक्सिजन आधी समुद्रातल्या लोखंडाला गंज चढवण्यात खर्ची पडला आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत साठू लागला. पुढे जंगले गाडली गेली, त्यांचा दगडी कोळसा झाला. आपल्या देशातला बहुतेक कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे भारत इतर दक्षिणी खंडांना जोडलेला होता तेव्हाचा. नाशिकजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात जळतो तो हवेतून तेव्हा काढून ठेवलेला कार्बन आहे.

आपल्या पायाखालचा दगड मात्र फार अलीकडचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. भेगांमधून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर चढले. कसारा घाटात रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या पायऱ्या त्याच. दख्खनच्या थरांच्या शास्त्रीय यादीत तळाकडच्या एका गटाचे नावच 'इगतपुरी' आहे. लाव्हा निवताना अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. पांडवलेण्याच्या परिसरातल्या खाणींत निघालेले स्टिल्बाइट आणि अ‍ॅपोफिलाइट या खनिजांचे स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत.

या लाव्हाबरोबर निघालेल्या वायूंनी डायनोसॉर संपवले की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीने, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१९ मध्ये दोन गटांनी पश्चिम घाटातल्याच दगडांची वये काढली. एकाच्या मते जवळजवळ तीन चतुर्थांश लाव्हा अशनी पडल्यानंतर आला. दुसऱ्याच्या मते उद्रेक चार मोठ्या झटक्यांत झाले आणि त्यांतला एक अशनीच्या काही दहा हजार वर्षे आधी सुरू झाला. दोन्ही मोजण्या काटेकोर होत्या, पद्धती वेगळ्या होत्या. माझ्या मते खरी गोम 'उद्रेक' या शब्दातच आहे. लाव्हा पृष्ठभागावर कधी आला, हे दगडाच्या वयावरून कळते. वायू मात्र खालच्या शिलारसातून लाव्हाच्या आधीच निसटू शकतो. सर्वात जास्त लाव्हा आला तेव्हाच सर्वात जास्त वायूही आला, असे धरून चालले की अर्धा वाद तिथेच तयार होतो. शिवाय गंधकाचे वायू काही वर्षे थंडी आणतात, तर कार्बन डायऑक्साइड हजारो वर्षे ऊब धरून ठेवतो. दोन्हींना एकच 'परिणाम' म्हणणे चूक आहे.

या वादाच्या गलबल्यात दुसरा अर्धा भाग झाकला जातो. ज्या दगडाने वायू सोडला, तोच पुढे कोट्यवधी वर्षे तो परत ओढत आला आहे. पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याने हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, झिजतो, त्यातून काळी जमीन होते, विरघळलेला कार्बन गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातो आणि शिंपल्यांत, चुनखडकात बसतो. ग्रॅनाइटपेक्षा हा दगड लवकर झिजतो, म्हणून त्याची कामगिरी मोठी.

पण ही गती हजारो-लाखो वर्षांची. औद्योगिक काळाआधी हवेत दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता, आज ४२० च्या वर आहे. बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांत मागची आठ लाख वर्षे वाचता येतात, त्यांत इतका मोठा आकडा कुठेही नाही. आजच्या सगळ्या ज्वालामुखींचा वर्षाचा कार्बन डायऑक्साइड माणसाने सोडलेल्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो.

म्हणून आता बेसॉल्टची भुकटी शेतात टाकून झीज वाढवण्याचे प्रयोग सुरू आहेत, भारतात भातशेतीतही झाले आहेत. आपल्याकडे खडी क्रशरची डस्ट ढिगाने पडलेली असते, त्यामुळे हे ऐकून उत्साह वाटतो. पण आधीच चुन्याने भरलेल्या निफाडच्या मातीत ही भुकटी फारशी विरघळणार नाही. तिला आम्लधर्मी माती आणि भरपूर पाऊस लागतो. त्यामुळे जिल्ह्यात कुठे करून बघायचे असेल, तर ते इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडच्या भातखाचरांत.