पिकअप ट्रक : भारवाटणी व बर्फाळ रस्त्यावरील नियंत्रण

उघड्या हौद्याच्या हलक्या मालमोटारीचे वजन पुढच्या व मागच्या ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) ज्या प्रमाणात पडते, ती तिची भारवाटणी. इंजिन व केबिन पुढे असल्याने रिकाम्या पिकअपचे साधारणपणे ५५ ते ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर येते. चालना मात्र परंपरेने मागच्या चाकांना. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये हौद्यासह विकलेली ‘मॉडेल टी’ ही कारखान्यात तयार झालेली पहिली पिकअप मानण्याकडे कल आहे. सुटे हौदे त्याआधीही बसवले जात, ते धरायचे की नाही यावर हा मान अवलंबून राहतो.

दाबलेल्या हिमावर टायरचा घर्षणांक (पकडीचे माप) ढोबळमानाने ०.२ ते ०.३, तर गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे रिकाम्या गाडीची मागची चाके जागीच फिरतात, वळणावर मागचा भाग बाहेर जातो. उपाय म्हणून हौद्यात वाळूची पोती टाकतात. चाक रुतल्यास तीच वाळू खाली पसरता येते.

पोती कुठे ठेवावीत याबद्दल दोन मते आढळतात. हौद्याच्या मागच्या फळक्याला टेकून, अगदी मागे ठेवल्यास चालना मिळणाऱ्या मागच्या चाकांना जास्त भार मिळतो, हे गणिताने खरेच आहे. दोन ॲक्सलमधील अंतर ३.५ मी. असताना १०० किग्रॅ. वजन मागच्या ॲक्सलच्या १ मी. मागे ठेवले, तर मागे सुमारे १२९ किग्रॅ. वाढतात, पण पुढचे सुमारे २९ किग्रॅ. कमी होतात आणि स्टिअरिंगची पकड घटते. शिवाय टोकाच्या वजनामुळे एकदा फिरू लागलेली गाडी सावरणे अवघड जाते. तेच वजन ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे ठेवल्यास मागे सुमारे ८६ व पुढे १४ किग्रॅ. वाढतात. म्हणून ॲक्सलवर किंवा किंचित पुढे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पोती पट्ट्यांनी बांधावी लागतात.

जादा वजनाने थांबण्याचे अंतर मात्र सहसा घटत नाही. पकड वाढते, तसे थोपवायचे वस्तुमानही वाढते. फोर-व्हील ड्राइव्हचा फायदाही मुख्यतः गाडी निघताना व चढावर.

ब्रेक दाबताच भार पुढे सरकतो व रिकाम्या गाडीची मागची चाके आधी जाम होतात. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही अमेरिकी पिकअपमध्ये फक्त मागच्या चाकांसाठी एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आले. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना इलेक्ट्रॉनिक स्थैर्यनियंत्रण (घसरू लागलेल्या गाडीच्या एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा) सक्तीचे आहे.