एका शब्दाचा फरक

वर्गात एक नवा शिक्षक येणार होता. तो येण्याआधी विद्यार्थ्यांना त्याची ओळख करून देणारा छोटा कागद वाटला गेला. वय २६, विवाहित, सैन्यात राहून आलेला, दुसऱ्या एका कॉलेजात तीन सत्रं मानसशास्त्र शिकवलेला. शेवटी एक वाक्य होतं : त्याला ओळखणारे लोक म्हणतात की तो अतिशय प्रेमळ, कष्टाळू, चिकित्सक, व्यवहारी आणि निश्चयी माणूस आहे. निम्म्या कागदांवर मात्र ‘अतिशय प्रेमळ’च्या जागी ‘काहीसा रुक्ष’ असं छापलं होतं. बाकी अक्षर न् अक्षर तेच. कागद दोन तऱ्हेचे आहेत याची विद्यार्थ्यांना कल्पनाही नव्हती.

शिक्षक आला, वीस मिनिटं चर्चा घेतली आणि गेला. मग विद्यार्थ्यांनी त्याच्याविषयीचं मत लिहून दिलं. ‘प्रेमळ’ वाचलेल्यांना तो दुसऱ्यांचा विचार करणारा, मोकळाढाकळा, विनोदी वाटला. ‘रुक्ष’ वाचलेल्यांना तोच माणूस, त्याच वीस मिनिटांत, तितकासा तसा वाटला नाही. फरक नुसत्या मतापुरता राहिला नाही. ‘प्रेमळ’ गटातले ५६ टक्के विद्यार्थी चर्चेत बोलले, ‘रुक्ष’ गटातले फक्त ३२ टक्के.

मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड केली यांचा हा प्रयोग १९५० साली प्रसिद्ध झाला. तो अमेरिकेतल्या एमआयटीच्या वर्गांमध्ये झाला होता. दोन गटांचा प्रयोग कसा असावा असं कुणी विचारलं, की मला आधी हाच आठवतो. समजा, केलींनी एका वर्गाला ‘प्रेमळ’चे आणि दुसऱ्या वर्गाला ‘रुक्ष’चे कागद दिले असते. मग दुसऱ्या वर्गाची वेळ जेवणानंतरची होती का, तिथे मुळातच अबोल मुलं जास्त होती का, शिक्षक दुसऱ्यांदा बोलताना थकला होता का, असे प्रश्न निघाले असते आणि एकाचंही उत्तर देता आलं नसतं. केलींनी दोन्ही गट एकाच खोलीत बसवले. तोच आवाज, तोच विनोद, तोच उजेड. वेगळा होता तो एक शब्द. त्यामुळे जो फरक दिसला तो त्या शब्दामुळेच पडला, असं म्हणायचा हक्क त्यांना मिळाला.

हा हक्क मिळवण्यासाठीच सगळा खटाटोप असतो. आपण बदलतो ती गोष्ट म्हणजे स्वतंत्र चल, आणि तिच्यामुळे काय बदललं हे मोजतो ते परतंत्र चल. पुस्तकात ही व्याख्या दोन ओळींत संपते. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

एक प्रयोग आपणच रचून पाहू. प्रश्न साधा आहे : मोबाइल जवळ असला की पाठांतर कमी होतं का? पहिला विचार असा येतो की लोकांनाच विचारावं, अभ्यास करताना मोबाइल कुठे ठेवता? मग जवळ ठेवणाऱ्यांची आणि लांब ठेवणाऱ्यांची परीक्षा घ्यावी. इथेच मेख आहे. मोबाइल आपणहून दुसऱ्या खोलीत ठेवून येणारा माणूस मुळातच शिस्तीचा असू शकतो. त्याला जास्त शब्द आठवले, तर ते मोबाइल लांब होता म्हणून की तो तसा माणूस आहे म्हणून? हे गट आपण केलेले नाहीत, ते आधीपासूनच तसे आहेत. अशा अभ्यासाला किंमत असते, पण त्यावरून कारण सांगता येत नाही.

म्हणून कोण कोणत्या गटात जाणार हे माणसाच्या स्वभावावर किंवा मर्जीवर सोडायचं नाही, आपल्याही मर्जीवर नाही. ते चिठ्ठ्यांवर सोपवायचं. याला यादृच्छिक वाटणी म्हणतात. शिस्तीची माणसं, विसरभोळी माणसं, रात्री न झोपलेली माणसं अशी सगळी दोन्ही गटांत विखुरली जातात. आपण यादी केली नाही अशा गुणांचीही वाटणी होते, आणि मला या युक्तीचं सर्वांत मोठं बळ तेच वाटतं. वय, शिक्षण, बुद्धिमत्ता पाहून जोड्या लावता येतात, पण जे सुचलंच नाही त्याच्या जोड्या कशा लावणार?

चिठ्ठ्यांची कल्पना मानसशास्त्रात फार जुनी आहे. चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी १८८०च्या दशकात वजनांमधला अगदी बारीक फरक माणसाला जाणवतो का हे तपासलं. वजन कोणत्या क्रमाने द्यायचं हे ते पत्ते पिसून, लाल-काळ्यावर ठरवत. तिथे वाटणी क्रमाची होती, माणसांची नव्हती, पण विचार तोच : निवड माणसाच्या डोक्यातून काढून घ्यायची. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगांच्या रचनेवरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक लिहिलं ते १९३५ साली, म्हणजे त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी.

प्रत्यक्षात ही वाटणी बिघडते ती आळसापोटी. आधी आलेले तीस एका गटात, नंतरचे तीस दुसऱ्या. सोपं वाटतं, पण आधी नाव नोंदवणारे उत्साही असतात आणि शेवटी येणाऱ्यांना कुणीतरी आग्रह करून आणलेलं असतं. नाणेफेक त्याहून बरी, मात्र ६० वेळा नाणं उडवलं तर बरोबर ३०-३० पडण्याची शक्यता फक्त दहा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून चिठ्ठ्या कराव्यात. चार-चारचे संच घ्यावेत, प्रत्येक संचात दोन ‘अ’ आणि दोन ‘ब’. संचातल्या चिठ्ठ्या नीट मिसळून एकेक चिठ्ठी आरपार न दिसणाऱ्या पाकिटात घालावी, पाकिटं बंद करावीत आणि मग त्यांवर १ ते ६० आकडे टाकावेत. माणूस आत आला, नाव लिहून झालं, की पुढचं पाकीट फोडायचं. आधी नाही. समोरचा चेहरा पाहून ‘हा जरा हुशार दिसतोय, याला ब मध्ये घेऊ’ असं आपण मुद्दाम करत नाही, पण नकळत करतो. बंद पाकीट त्या नकळतपणालाच आळा घालतं. आणि प्रयोग मध्येच थांबवावा लागला, तरी चारांच्या संचांमुळे दोन्ही गट जवळपास सारखेच राहतात.

आता दुसरं अवघड काम : गटांना नेमकं काय वेगळं द्यायचं? ‘अ’ गटाच्या टेबलावर मोबाइल आणि ‘ब’ गटाचा मोबाइल शेजारच्या खोलीत, एवढं पुरेसं वाटतं. पण पाहा, ‘ब’ गटातला माणूस उठला, चार पावलं चालला, दुसऱ्या खोलीत जाऊन आला. ‘अ’ गटातला बसूनच राहिला. शिवाय ‘ब’च्या टेबलावर काहीच नाही. मग आठवणीत पडलेला फरक मोबाइलचा, चालण्याचा, की टेबलावर एखादी वस्तू असण्या-नसण्याचा? आपल्याला वाटत होतं एकच गोष्ट बदलली, प्रत्यक्षात तीन बदलल्या.

उपाय हाताशी आहे. सगळ्यांनाच शेजारच्या खोलीत पाठवायचं आणि सगळ्यांचेच मोबाइल आवाज बंद करून घ्यायचे. ‘अ’ गट आपला मोबाइल घेऊन परत येतो. ‘ब’ गट मोबाइल तिथे ठेवतो आणि त्याच आकाराची एक डायरी घेऊन येतो. दोघंही तेवढंच चालले, दोघांच्याही टेबलावर हाताएवढी एक वस्तू पालथी पडली आहे. इथे ‘ब’ हा तुलनेसाठीचा, म्हणजे नियंत्रित गट. नियंत्रित गट म्हणजे ‘ज्यांना काहीच केलं नाही ते लोक’ असा समज बऱ्याच जणांचा असतो. तसं नाही. नियंत्रित गटासाठी सगळं करायचं असतं, फक्त ती एक गोष्ट सोडून. ती डायरी सुचायला कधी कधी आठवडा लागतो, आणि तो आठवडा सत्कारणी लागलेला असतो.

तरीही एक फरक उरतोच : मोबाइल आपल्यापाशी नाही याची रुखरुख. ती डायरीने जात नाही. ते कबूल करावं आणि निष्कर्ष तेवढ्याच बेताने लिहावा.

मोजमापाबद्दल थोडक्यात. वीस शब्दांची यादी द्यायची, काही मिनिटांनी आठवतील तेवढे लिहायला सांगायचं. यादी इतकी सोपी नसावी की सगळ्यांनाच वीसच्या वीस यावेत, आणि इतकी अवघडही नसावी की कुणालाच तीनच्या वर जाता येऊ नये. दोन्ही टोकांना फरक दिसायला जागाच उरत नाही.

यानंतर येतो सर्वांत अवघड घटक, तो म्हणजे आपण स्वतः. रॉबर्ट रोझेंथाल आणि केर्मिट फोड यांनी १९६३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उंदीर दिले. काहींना सांगितलं की तुमचे उंदीर भुलभुलैयात हुशार निपजलेल्या वंशातले आहेत, काहींना सांगितलं की तुमचे मठ्ठ आहेत. खरं तर सगळे उंदीर सारखेच होते, हुशार-मठ्ठ हे शिक्के चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लावले होते. तरी ‘हुशार’ उंदरांची कामगिरी सरस ठरली. उंदरांना शिक्का वाचता येत नाही. तो वाचला होता हाताळणाऱ्यांनी.

माणसांच्या बाबतीतलं उदाहरण जास्त गाजलं. जॉन बार्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली लिहिलं की म्हातारपणाशी संबंधित शब्द असलेली वाक्यं जुळवल्यावर तरुण विद्यार्थी मार्गिकेतून सावकाश चालत गेले. ९.७५ मीटर चालायला साधे शब्द वाचलेल्यांना सरासरी ७.३० सेकंद लागले, तर म्हातारपणाचे शब्द वाचलेल्यांना ८.२८ सेकंद. २०१२ साली स्टेफान दोयेन आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, पण वेळ अवरक्त किरणांच्या यंत्राने मोजली. चालीत फरक सापडला नाही. मग त्यांनी प्रयोग घेणाऱ्यांचेच दोन गट केले. ‘चाल मंदावेल’ असं ज्यांना आधी सांगून ठेवलं होतं, त्यांच्याच समोर आलेल्या, म्हातारपणाचे शब्द वाचलेल्या सहभागींची चाल मंदावली. म्हणून मोबाइलच्या प्रयोगात शब्दांची यादी देणारी आणि उत्तरं तपासणारी व्यक्ती ‘अ’ कोण, ‘ब’ कोण हे न जाणणारी असावी. पाकीट एकाने फोडावं, परीक्षा दुसऱ्याने घ्यावी. परीक्षेच्या वेळी टेबलावरची वस्तू कापडाने झाकलेली असली, की काम भागतं.

किती माणसं हवीत? या प्रश्नावर फार प्रयोग बुडाले आहेत. समजा, वीसपैकी सरासरी १२ शब्द एका गटाला आठवले आणि ११ दुसऱ्याला, आणि दोन्ही गटांत प्रमाण विचलन, म्हणजे माणसांचे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचं माप, २ आहे. म्हणजे सरासरींमधला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा, ०.५. संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या मोजपट्टीवर हा मध्यम परिणाम आहे. तो खरोखर असेल, तर पाच टक्क्यांच्या सार्थकता पातळीवर (म्हणजे फरक नसताना तो आहे असं चुकून म्हणण्याची शक्यता पाच टक्क्यांवर ठेवून) तो पकडण्याची ८० टक्के खात्री हवी असल्यास प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. परिणाम ०.८ इतका ठळक असेल तर २६ पुरतात. ०.२ इतका बारीक असेल तर प्रत्येक गटात ३९०हून जास्त लागतात. वर मी ६० पाकिटं म्हणालो, ते वाटणीची रीत सांगण्यापुरतं. मध्यम परिणामासाठी पाकिटं १२८ करावी लागतील. वीस-वीस माणसांवर केलेल्या प्रयोगात फरक दिसला नाही, तर तो नव्हता असं होत नाही. आपली चाळणी इतकी मोठ्या भोकांची होती की तो गळून गेला असेल.

गटांच्या सरासरींची तुलना करायची ती टी-चाचणीने. ही चाचणी ज्यावर उभी आहे ते काम गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं होतं. आज संगणक ती क्षणात करून देतो, आणि धोका त्या क्षणातच आहे. दर दहा माणसांनंतर चाचणीचा आकडा, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता, पाहायचा, पाच टक्क्यांच्या आत आला की थांबायचं, नाही तर आणखी दहा बोलवायचे, हे अगदी निष्पाप वाटतं. जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सिमनसन यांनी २०११ साली हिशेब करून दाखवला की अशा सवलतींपैकी चार एकत्र घेतल्या, तर मुळात परिणाम नसताना तो ‘सापडण्याची’ शक्यता ५ टक्क्यांवरून ६०.७ टक्क्यांवर जाते. त्यांनी खऱ्या विद्यार्थ्यांवर खरा प्रयोग केला आणि याच सवलती वापरून दाखवून दिलं की एक विशिष्ट गाणं ऐकल्याने माणूस सुमारे दीड वर्षाने तरुण होतो. तरुण वाटत नाही, होतो. गणितात चूक नव्हती. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सार्थक होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांतच तो टिकला. तेव्हापासून किती माणसं घेणार, काय मोजणार, कोणती चाचणी लावणार हे आधीच लिहून, तारीख घालून नोंदवून ठेवण्याची रीत रुजते आहे. मला ती मनापासून पटते, कारण चुकीचा निष्कर्ष एकदा पाठ्यपुस्तकात गेला की तो बाहेर काढायला एक पिढी जाते.

प्रयोग संपल्यावर सहभागींना सगळं सांगायचं असतं. केलींच्या वर्गातल्या ज्यांनी ‘रुक्ष’ वाचलं, त्यांच्या मनात त्या शिक्षकाबद्दल राहिलेली अढी काढणं हे प्रयोगकर्त्याचंच कर्तव्य. पण खुलासा करण्याआधी एक प्रश्न विचारावा : हा प्रयोग कशाबद्दल होता असं तुम्हाला वाटलं? मार्टिन ऑर्न यांनी १९६२ साली दाखवून दिलं होतं की सहभागी नुसते बसून राहत नाहीत, प्रयोगकर्त्याला काय हवंय याचा ते अंदाज बांधतात आणि बहुतेकदा मदतही करू पाहतात. म्हणून १२८ पाकिटं फोडण्याआधी दहा जणांवर रंगीत तालीम घ्यावी. त्यांतल्या चौघांनी ‘मोबाइलबद्दल’ असं उत्तर दिलं, तर टेबलावर मोबाइल किंवा डायरी एकटी ठेवायची नाही. दोन्ही गटांच्या टेबलांवर शेजारी पेन, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर अशा चार वस्तू मांडायच्या, आणि नव्या दहा जणांना बोलवून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.